शेवटच्या बाकावरचा हात

पटत नसेल तर सोडून द्या. पण माझी झेनाइदा मावशी खोटं बोलत नाही, आणि भूतबित मानणारी तर ती मुळीच नाही. फिलिपिन्समधल्या आमच्या मालायबालाय गावच्या बाजारात वीस वर्षं ती डुकराचं मांस विकतेय. तिच्या हातात सुरा असला की नवरासुद्धा वाद घालत नाही.

साल २०११. एप्रिल महिना, गुरुवार, दुपारचे चार.

रात्र नव्हती, हे आधी लक्षात घ्या. बाहेर लख्ख ऊन होतं.

आमच्या चर्चचं उन्हाळी शिबिर दरवर्षी डोंगरावर भरतं. आईबाप, पोरंटोरं, सगळे पाच दिवस एकत्र. सकाळी बायबल, दुपारी ओढ्यात डुंबणं, मग साखरेत तळलेली केळी खाऊन सभेला बसायचं. मावशी आली होती ती एकाच आशेने. तिची एकुलती एक जेमीमा नऊ वर्षांची झाली तरी चारचौघांत तोंड उघडत नव्हती. या शिबिरात तरी पोरीने उठून पुढे जावं, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

सभेच्या शेवटी पास्टर सगळ्यांना डोळे मिटायला लावतात. ज्याला येशूला आपलंसं करायचंय त्याने हात वर करायचा. कोणी बघत नसलं की पोरांना लाज वाटत नाही. डोळे फक्त दोघांचे उघडे असतात... पास्टरांचे, आणि मागे उभ्या असलेल्या एका मदतनिसाचे. कोणाचा हात वर झाला ते त्याने ध्यानात ठेवायचं, म्हणजे नंतर त्या मुलाला जवळ घेऊन बसता येतं.

त्या दिवशी हे काम मावशीकडे होतं.

"बघू, तुझी मुकी मैना या वर्षी तरी हात वर करते का," पास्टर रुफिनो सभेआधी तिला म्हणाले.

"मुकी म्हणू नका हो तिला. घरी माझं डोकं खाते. बाहेर आली की दातखीळ बसते."

सगळ्यांनी डोळे मिटले.

"तुझा हात दिसला, बाळा," पास्टर हळूच म्हणाले. "तुझाही दिसला."

दोन्ही हात मावशीने पाहिले. त्यात जेमीमाचा नव्हता. ती शेवटून दुसऱ्या बाकावर मान खाली घालून बसली होती. मावशीचं मन खट्टू झालं.

मग पास्टरांनी मावशीच्या दिशेने पाहिलं.

"शेवटच्या बाकावरचाही दिसला. घे आता खाली... एवढा उंच कशाला?"

शेवटचा बाक अगदी मावशीच्या पुढ्यात होता.

रिकामा...

तिला वाटलं, पास्टरांची साठी जवळ आलीय, नजर चुकली असेल.

"एकट्याला यायची भीती वाटते का?" पास्टर म्हणाले. "जेमीमा, डोळे न उघडता मागे हात दे. त्याला घेऊन पुढे ये."

पोरीने बाकावरून मागे हात केला. हात हवेत थांबला.

आणि तिची बोटं... कशाभोवती तरी वळली.

मावशी जेमतेम दोन हातांच्या अंतरावर उभी होती. कोणी घट्ट दाबावीत तशी लेकीच्या बोटांची टोकं पांढरी पडलेली तिने स्पष्ट पाहिली.

बाहेर ओढ्याचा आवाज येत होता, तो बंद झाला.

जेमीमा उठली. डोळे मिटलेले. चालताना तिचा हात डोक्याच्या वर होता, लहान पोर मोठ्या माणसाचा हात धरते तसा. तिच्या चपलांचा आवाज येत होता...

आणि तिच्या मागून आणखी एक. अनवाणी. जड.

पास्टरांनी तोवर प्रार्थनेसाठी डोळे मिटले होते. एक हात त्यांनी जेमीमाच्या डोक्यावर ठेवला. दुसरा शेजारी चाचपडत वर वर गेला, आणि स्वतःच्या कपाळाच्याही वर जाऊन कशावर तरी टेकला. ते क्षणभर अडखळले. मग नेहमीचे शब्द म्हणाले.

"आजपासून तू आमचा. या मुलीचं घर ते तुझं घर."

मावशीला ओरडायचं होतं. पण आमच्यात प्रार्थना चालू असताना कोणी बोलत नाही. तान्हं पोर रडलं तरी आई त्याला बाहेर नेते. आणि खरं कारण वेगळंच होतं, ते तिने मला फार नंतर, मान खाली घालून सांगितलं. तिची लेक जन्मात पहिल्यांदा सगळ्यांसमोर पुढे गेली होती. ते तिला मोडवेना.

"आमेन."

सगळ्यांनी डोळे उघडून टाळ्या वाजवल्या. पुढे जेमीमा एकटीच उभी होती.

संध्याकाळी मावशीने पास्टरांना गाठलं. "शेवटच्या बाकावर कोण होतं?"

"मला कोपरापर्यंत हातच दिसला. वाटलं, पोरगं बाकाआड वाकलंय." ते तिच्याकडे बघत नव्हते. "तू तर मागेच उभी होतीस, झेनाइदा."

"ती प्रार्थना मागे घ्या."

"घरात या म्हणायला शिकलो गं मी. जा म्हणायला मला कोणी शिकवलं नाही."

घरी आल्यापासून जेमीमा बोलायला लागली. शाळेत, चर्चमध्ये, बाजारात, सगळीकडे. लोक म्हणाले, देव पावला. जेवताना पोरगी आपल्या शेजारची खुर्ची ओढून ठेवायची. कोणी बसायला गेलं तर शांतपणे म्हणायची, "तिथे नको."

एका रविवारी मावशी मासे साफ करत होती. जेमीमा मागे येऊन उभी राहिली.

"आई, तो विचारतोय... तुझे डोळे तर उघडे होते. मग तू काही बोलली का नाहीस?"

आपल्याला काय दिसलं ते मावशीने तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. पास्टरांनाही नाही.

जेमीमा आता तेवीस वर्षांची आहे. येत्या डिसेंबरात तिचं लग्न आहे. नवरा मुलगा साधा आहे, हसतमुख आहे. मागच्या महिन्यात जेवायला आला तेव्हा त्याने हसत हसत मला विचारलं, की ही एक खुर्ची नेहमी रिकामी का ठेवतात.

मावशीने टेबलाखालून माझा हात दाबला. पोरीचं लग्न मोडेल, तोंड उघडू नकोस, असं तिने मला आधीच बजावून ठेवलं होतं.

मी अजून उघडलेलं नाही.