उपाशी गोधडी

ही गोष्ट खरी आहे. पटली तर पुढं वाचा, नाहीतर इथंच सोडा. शपथा घेत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

साल एकोणीसशे अठ्ठेचाळीस. चैत्र महिना. आळंद तालुक्यातलं निंबर्गा गाव. देश स्वतंत्र झाला होता, पण आमच्याकडं अजून निजामाचंच राज्य होतं.

भुतं रात्री येतात म्हणतात. हे जे आलं, ते भर दुपारी आलं.

घर माझ्या मावशीचं, राजूबाईचं. माझी आई सत्यभामा तिची धाकटी बहीण. त्यांची आई लवकर गेली, म्हणून आई पहिल्या बाळंतपणाला मावशीकडंच आली होती. ते बाळ म्हणजे माझा थोरला भाऊ, श्रीमंत. माझा जन्म नंतरचा. पण आईनं आणि मावशीनं मला हे वेगवेगळ्या वेळी सांगितलं, आणि दोघींच्या सांगण्यात कुठं फरक नव्हता. एरवी त्या दोघींचं भाजीतल्या मिठावरही एकमत होत नसे.

मावशी गोधड्या शिवायची. लेकीच्या रुखवतात लोक तिची गोधडी सगळ्यांत वर ठेवायचे. एका कोपऱ्यात लाल खणाचा त्रिकोण आणि त्यावर तीन हिरवे टाके, ही तिची खूण.

त्या चैत्रात तिनं घरातल्या जुन्या गोधड्या उन्हात टाकल्या आणि आईला एकेक दाखवू लागली. पंचवीस वर्षांचं काम अंगणातल्या बाजांवर पसरलं होतं. पहिली जाडजूड, घरातल्या विटक्या लुगड्यांची. तिचे वाकडे टाके पाहून मावशी स्वतःच हसली. मग गुलबर्ग्याच्या गिरणीचं कापड आलं, तेव्हाची चौकटींची. मग लढाईच्या दिवसांतली, कापड मिळेना म्हणून बोटभर चिंध्या जोडून मोर काढलेली.

आणि शेवटची, नवीकोरी. एकदम सपाट. कुठंच उंचवटा नाही.

आईनं त्या गोधडीच्या मधोमध हात फिरवला. मग पुन्हा फिरवला…

आमच्या घरात एक रीत होती. गोधडीचं शेवटचं ठिगळ मधोमध लावायचं. ते बंद करायच्या आधी आत भाकरीचा घास आणि गुळाचा खडा ठेवायचा. ते गोधडीचं पोट. घास वाळला की सुपारीएवढी गाठ होते आणि ती हाताला लागते.

या गोधडीत गाठ नव्हती.

आईनं विचारलं, तेव्हा मावशी जरा चिडलीच. आळंदच्या आप्पाराव व्यापाऱ्यानं बाजारासाठी बारा गोधड्या मागितल्या होत्या. आत खाण्याचं काही नको, मुंग्या लागतात, असं त्याचं म्हणणं. पण खरं कारण तिनं पुढं सांगितलं. ती गाठ तिलाच खुपायला लागली होती. एवढ्या सरळ टाक्यांच्या ओळी मधे येऊन मोडतात, हे तिला बघवेना.

अकरा गोधड्या बाजारात गेल्या. बारावी तिनं भाच्यासाठी ठेवली होती. त्या दिवसापासून श्रीमंत तिच्यावर झोपायला लागला.

दुसऱ्या दिवशी तो सारखा दूध मागू लागला.

तिसऱ्या दिवशी तो पिता पिता रडायला लागला. आईला दूध भरपूर होतं. तरी त्याचं पोट भरेना.

पाचव्या दिवशी दुरडीतल्या भाकरी गेल्या. दुरडीवर फडकं बांधलेलं. गाठ तशीच… आणि आत एक तुकडा नाही. मावशीनं मांजराला शिव्या घातल्या. गाठ सोडून पुन्हा बांधणारं मांजर तिनं कुठं पाहिलं होतं, देव जाणे.

आठव्या दिवशी दुपारी गाव सामसूम होतं. बाळ झोपलं होतं. आई भिंतीला टेकून बसली होती.

आवाज आला.

चप… चप… चप…

दात नसलेलं माणूस भाकरी चघळतं ना, तसा.

आईला वाटलं, बाळ अंगठा चोखतंय. तिनं वाकून पाहिलं. बाळाच्या दोन्ही मुठी मिटलेल्या होत्या. ओठ बंद होते.

आवाज त्याच्या खालून येत होता.

तिनं त्याला झटकन उचललं. आवाज थांबला… आणि बाळाच्या पायातला वाळा निसटून खाली पडला. बारशाला घट्ट बसलेला वाळा. पाय इतका वाळला होता.

गोधडी मधोमध ओली होती. कोमट. दुधाचा वास येत होता.

आईनं बाळाला घेऊन शेजारचं घर गाठलं. काही उपयोग झाला नाही. तिथंही ते रिकामं तोंड हलवत राहिलं आणि आईच्या हातात हलकं होत गेलं. ती तशीच परत आली. अंगणातून ओरडली की ती गोधडी आधी जाळ.

मावशी उंबऱ्यात गोधडी मांडीवर घेऊन बसली होती. मधल्या ओल्या जागेवर तिचा हात होता.

"जाळू नको सत्या," ती म्हणाली. "उपाश्याला कुणी जाळतं व्हय? मीच उपाशी ठिवलंय त्याला. चूक माझी हाय."

"अक्का, माझं लेकरू जायलंय."

"न्हाई जायचं. पीठ मळ."

आईनं भाकरी थापली. मावशीनं मधलं ठिगळ उसवलं. आत घास ठेवला, गूळ ठेवला, ठिगळ शिवलं. वरून हात फिरवला.

सपाट.

टाके जागेवर होते… आतला घास नव्हता.

तिनं पुन्हा उसवलं, पुन्हा घास ठेवला. पुन्हा सपाट. आई भाकरी भाजत होती, मावशी शिवत होती. बाळाचं रडणं बारीक होत चाललं होतं.

आठव्या घासाला गाठ हाताला लागली. ती राहिली.

तेवढ्यात श्रीमंतनं ढेकर दिला आणि झोपला. आई तिथंच चुलीपुढं बसून रडली.

आठ दिवसांचे आठ घास, मावशी म्हणाली. एका दिवसाचा एक.

मग तिच्या लक्षात आलं. अकरा गोधड्या बाहेर होत्या.

दुसऱ्या दिवशी ती भाकरीचं गाठोडं घेऊन निघाली. आळंद, गुलबर्गा, कडगंची. ते दिवस वाईट होते. रझाकारांच्या भीतीनं लोक डोक्यावर अंथरूण घेऊन सोलापूरकडं पळत होते. अंथरुणात गोधड्या असणारच. मावशी लोकांच्या दारात बसून त्यांच्या गोधड्या उसवायची. लोक तिला वेडी म्हणायचे. पावसाळ्यापर्यंत तिला नऊ सापडल्या. दोन सरहद्दीपलीकडं गेल्या, कुणाबरोबर ते कळलं नाही.

श्रीमंत जगला. पण जेवून उठताना तो दरवेळी म्हणायचा, पोट भरल्यासारखं वाटत नाही.

मावशी मला शेवटी म्हणाली होती, "माझं काम दर चार-पाच वर्सांनी बदलत गेलं, त्याचं मला कवतिक हाय बाई. योवढं एकच बदलायचं नव्हतं."

हे सगळं आज लिहायचं कारण सांगते.

माझ्या मुलानं सोलापुरातून एक जुनी गोधडी आणली. हल्ली जुन्या वस्तूंची हौस असते लोकांना. माझी पणती चार महिन्यांची आहे. गेला महिनाभर तिला त्याच गोधडीवर झोपवतात. काल तिची आई सहज म्हणाली, पिल्लू सारखं दूध मागतंय, आणि अंग काही धरत नाही.

मी गोधडी उलगडली.

कोपऱ्यात लाल त्रिकोण होता. विटलेला. त्यावर तीन हिरवे टाके…

मधोमध हात फिरवला. सपाट.

मी स्वयंपाकघरात गेले. पीठ मळलं. सकाळपासून बसलेय. डोळ्यांनी नीट दिसत नाही, सुई बोटात जाते. आतल्या खोलीत पोर रडतंय, आणि तिचं रडणं बारीक होत चाललंय. तेव्हा आठ दिवस होते, आठ घास लागले. आता किती लागतील याचा हिशेब मी करत नाही.

आत्ताच एकोणिसावा घास घातला. ठिगळ शिवलं. वरून हात फिरवला…

अजून सपाटच आहे.