जोलीन दुसरी आली

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. ब्रॅनिक गावातली निम्मी माणसं बायबलवर हात ठेवून तशी शपथ घ्यायला तयार आहेत.

त्यातल्या एकानेही काही पाहिलेलं नाही, हा भाग वेगळा. त्या दिवशी धुकं होतं. शिवाय शपथ घ्यायला जो सगळ्यात पुढे असतो तो मक्याचं बियाणं विकतो, आणि दर वसंतात त्याच हाताने एकरी उताऱ्याच्याही शपथा घेतो.

पण ऐकलं सगळ्यांनी.

आणखी एक सांगून टाकायला हवं. ही रात्रीची गोष्ट नाही. मे महिन्यातला शुक्रवार होता, शाळा भरायच्या आधीची सकाळ. भुताखेतांच्या दृष्टीने अगदीच गैरसोयीची वेळ. पण शाळा सकाळीच भरते, त्याला कोण काय करणार?

नेब्रास्कातल्या आमच्या गावची शाळा अशी लहान की बारावीचा वर्ग म्हणजे पाच मुलं. बालवाडीतही हीच पाच. भांडण झालं तर दुसरे मित्र मिळायची सोय नाही, त्यामुळे भांडणं मिटतात.

शाळा संपत आली की एक दिवस बारावीची मुलं ट्रॅक्टरवरून शाळेत येतात. नियम एकच. ज्याचं शेत सगळ्यात लांब, तो पहिला निघतो. बाकीचे आपापल्या शेताच्या फाट्यावर इंजिन चालू ठेवून थांबतात. लांबचा येतो, समोरून जातो, मग त्याच्या मागे लागायचं. अशी रांग वाढत वाढत शाळेत पोचते. पहिला जाईपर्यंत कोणी जागचं हलत नाही. का, ते कोणाला माहीत नाही. आजोबा असंच करायचे. आमच्याकडे एवढं कारण पुरतं.

त्या वर्षी सगळ्यात लांबचं शेत वर्लिन नोहावेकचं होतं. त्याचा मुलगा ट्रेंट पहिला निघणार होता.

ट्रेंट ऑगस्टमध्ये गेला.

फुटबॉलचा सराव आटोपून घरी येत होता. आमचे रस्ते खडीचे, फूटपट्टीने आखल्यासारखे सरळ, आणि मैलामैलावर चौफुली. सिग्नल नाही, पाटी नाही. ऑगस्टमध्ये मका डोक्यावर जातो आणि चौफुलीवर आडव्या रस्त्याचं काही दिसत नाही. म्हणून इथे प्रत्येक बाप पोराच्या हातात गाडी देताना एकच गोष्ट घोकून घेतो. चौफुलीवर थांबायचं. दोन्हीकडे बघायचं. मग जायचं.

वर्लिनने हे इतक्यांदा सांगितलं होतं की ट्रेंट वर्गात बापाची नक्कल करून दाखवायचा. कमरेवर हात, पोट पुढे. वर्ग हसून लोळायचा.

त्या संध्याकाळी आडव्या रस्त्याने धान्याचा ट्रक आला. ट्रकवाल्याची चूक नव्हती. हे वर्लिनने स्वतः त्याच्या घरी जाऊन त्याला सांगितलं.

चौफुली घरापासून इतकी जवळ की जॅनिसला, म्हणजे ट्रेंटच्या आईला, आवाज ऐकू आला होता. ती कपडे वाळत घालत होती.

शेडमध्ये ट्रेंटच्या पणजोबांचा हिरवा ट्रॅक्टर होता. दोन सिलिंडरचा, म्हातारा. चालताना त्याचा आवाज दम्याच्या माणसाने जिना चढावा तसा. टप्... टप्... टप्. अख्ख्या तालुक्यात तसला दुसरा उरला नव्हता. त्या शुक्रवारसाठी बापलेकांनी तो उघडला होता. कार्बोरेटर काढून रॉकेलच्या डब्यात बुडवून ठेवला होता. ऑगस्टनंतर त्याला कोणी हात लावला नाही. डबाही तिथेच.

एप्रिलमध्ये जोलीन व्हर्बका आली. नोहावेकांची शेजारीण. शेजारीण म्हणजे मैलभर अंतर, पण मध्ये दुसरं घर नाही. ट्रेंटच्या मागचा नंबर तिचाच.

"काका, ट्रेंटचा ट्रॅक्टर रांगेत पुढे ठेवायचाय आम्हाला."

वर्लिन म्हणाला, तो चालत नाही. ती म्हणाली, मग बाबांच्या ट्रेलरवर चढवून नेऊ.

"मढं नेतात तसं?"

जोलीनने दारावर हात टेकला.  मग म्हणाली, "त्याने मला सांगितलं होतं, तुझा तो नवा एसीवाला ट्रॅक्टर घेऊन ये, शाळेपर्यंत माझा धूर खायला लावतो."

"घरी जा, पोरी," वर्लिन म्हणाला आणि त्याने दार लावून घेतलं.

जॅनिस स्वयंपाकघरात होती. तिने हात पुसले.

"तो तुझ्या एकट्याचा नव्हता, वर्लिन."

त्यावर दोघं आठवडाभर मीठ दे, मिरपूड दे, यापलीकडे बोलले नाहीत.

त्या शुक्रवारी जॅनिस लवकर उठली. बारावीच्या आयांनी शाळेत न्याहारी आणायची असते. तिने जर्दाळूचे कोलाचे, म्हणजे गोड सारणाचे छोटे पाव, भाजले, मोठ्या ताटात रचले, वर फडकं घातलं. तू येतोस का, असं तिने विचारलं नाही. तिची गाडी धुक्यात शिरली. आधी दिवे गेले, मग आवाज.

वर्लिन कॉफी घेऊन मागच्या पायरीवर बसला. पायाशी हॅटी, ट्रेंटची कुत्री. म्हातारी, जवळजवळ बहिरी.

धुक्यात नजर जात नाही, पण आवाज लांबून येतात. मैलभरावर जोलीनचा ट्रॅक्टर चालू झाला. शेताच्या फाट्यावर आला. थांबला. इंजिन मंद सुरात चालत राहिलं.

त्याच्याही पलीकडे आणखी एक. मग आणखी एक. सगळे आपापल्या फाट्यावर.

वर्लिनने घोट घेतला. आता निघतील.

कोणी निघेना.

त्याला आधी कळेना. मग कळलं, आणि त्याने कप पायरीवर ठेवला. ट्रेंट नाही म्हणजे आता सगळ्यात लांबची जोलीन. पहिली तीच. पण जोलीनला तसं कोणी सांगितलंच नव्हतं. गावात सगळ्यांनी सगळा विचार केला होता. ट्रेंटच्या खुर्चीवर पदवीचा झगा ठेवायचा, त्याचा फुटबॉलचा सदरा काचेत लावायचा... पण पहिलं कोणी निघायचं, हे बोलायचं धाडस कोणाचं झालं नव्हतं.

जोलीन थांबली होती. ती थांबली म्हणून मागचा थांबला होता, तो थांबला म्हणून त्याच्या मागचा.

अख्खा रस्ता एका मेलेल्या मुलाची वाट बघत उभा होता.

"जा ना गं," वर्लिन पुटपुटला.

इंजिनं चालत राहिली. कॉफी गार झाली.

शेवटी तो उठला. गाडी काढायची, तिच्या फाट्यावर जायचं, काचेवर टकटक करायची आणि सांगायचं, पोरी, आता तूच पहिली. वाक्य तयार होतं. नुसतं तोंडातून काढायचं होतं. तो किल्ल्या घेऊन गाडीपाशी गेला. दार उघडलं.

हॅटी उठली.

तिने शेडकडे बघितलं. तिची शेपटी हलायला लागली...

हळूहळू. मग जोरात.

वर्लिन तसाच उभा राहिला. एक पाय गाडीत.

टप्...

शेडच्या बाजूने नव्हे. अंगणातून. त्याच्यापासून चार हातांवर.

टप्... टप्... टप्.

धुक्यात काही नव्हतं. धूर नाही, सावली नाही. नुसता आवाज. त्याच्या समोरून गेला. हॅटी आवाजाच्या बाजूने चालत गेली, अंगणाच्या कडेपर्यंत, रोज ट्रेंटला सोडायला जायची तशी. तिथे बसली. पुढे जायची तिला परवानगी नव्हती. ट्रेंटनेच लावलेली शिस्त.

आवाज फाट्यावर गेला. रस्त्याला लागला.

वर्लिनचं सगळं अंग कान झालं होतं. आवाज चौफुलीकडे निघाला होता.

मे महिना. शेतं उघडी, मका अजून मातीखाली. चौफुलीवर दोन मैलांवरचं दिसतं. मे महिन्यात तिथे कोणी थांबत नाही. खुद्द वर्लिनही नाही.

टप्... टप्...

आवाज मंद झाला.

आणि चाकं थांबली. खडीचा आवाज बंद. नुसतं इंजिन, एका जागी, दम खात.

वर्लिनने श्वास धरला.

मग गिअर पडला. पुन्हा खडी वाजली. आवाज चौफुली ओलांडून गेला. पलीकडे.

मैलभरावर जोलीनच्या इंजिनाने जोर धरला. तिच्यामागे पुढचं. मग त्याच्या पुढचं. रांग निघाली. हळूहळू सगळे आवाज गावाच्या दिशेने विरले.

वर्लिन शेडमध्ये गेला.

इथे ओल्या मातीत चाकांच्या ताज्या खुणा होत्या, असं सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. नव्हत्या. ट्रॅक्टर जागेवर होता. सीटवर धूळ, चाकाला कोळ्याचं जाळं, बॉनेट थंडगार. कार्बोरेटर रॉकेलच्या डब्यात होता.

तो फरशीवर बसला. जॅनिस परत येईपर्यंत तिथेच होता.

ती आली ती रिकामं ताट घेऊन. कोट न काढताच शेडमध्ये आली आणि शाळेतलं सांगायला लागली. रांगेत पहिला येतो त्याने झेंड्याच्या खांबाजवळ ट्रॅक्टर लावायचा असतो. जोलीन सगळ्यांच्या पुढे होती, तिच्यापुढे रस्ता मोकळा होता, हे शाळेच्या दारात उभ्या असलेल्या साऱ्या गावाने बघितलं. पण तिने खांबाजवळची जागा सोडली आणि शेजारी लावला. फोटो काढायला उभे असलेले मुख्याध्यापक म्हणाले, अगं, इकडे, पहिल्या जागेवर घे.

"मी दुसरी आले, सर," जोलीन म्हणाली आणि खाली उतरली. तिचे केस, तोंड, सगळ्याला धुराचा वास येत होता. तिच्या ट्रॅक्टरची काच अख्ख्या रस्त्यात बंद होती.

मागच्या तिघांनीही तेच सांगितलं. रस्त्याकडेच्या घरांत ती टपटप ऐकलेले लोक तर जॅनिसचा हात धरून म्हणत होते, बरं केलं वर्लिनने, शेवटी दिला ट्रॅक्टर.

जॅनिसने ट्रॅक्टरकडे बघितलं. मग डब्याकडे.

"तू दिलास?"

"नाही."

 ती ताट दोन्ही हातांनी छातीशी धरून उभी राहिली.

"जॅनिस," वर्लिन म्हणाला, "तो चौफुलीवर थांबला."

तिने ताट खाली ठेवलं. ती त्याच्याशेजारी फरशीवर बसली, कोटासकट.

"किती वेळ?"

"दोन्हीकडे बघण्याइतका."

मग ती रडली. ऑगस्टपासून ती लोकांसमोर रडली होती, एकटी रडली होती, त्याच्याजवळ बसून पहिल्यांदाच. वर्लिनने तिचा हात धरला. त्याच्या हाताला सीटवरची धूळ होती.

त्यानंतर काही झालेलं नाही. वर्लिनने कार्बोरेटर बसवला, पण ट्रॅक्टर अजून चालू केलेला नाही. एक आवाज त्याच्या कानात आहे, त्यावर दुसरा नको, असं तो म्हणतो. हॅटी त्या हिवाळ्यात गेली. जोलीन शिकायला लिंकन शहरात गेली. सुट्टीत येते तेव्हा त्या चौफुलीवर गाडी थांबवते, बर्फ असो की मका. का, ते विचारलं तर विषय बदलते.

दर वर्षी मे महिन्यातल्या त्या शुक्रवारी वर्लिन आणि जॅनिस दोघंही मागच्या पायरीवर येऊन बसतात. सकाळी, शाळा भरायच्या आधी. कॉफी हातात, कान रस्त्याकडे. एखाद्या फाट्यावर कोणी तरी इंजिन चालू करून थांबेल, आणि कोणी थांबलं तर कदाचित...

पण पुढच्याच वर्षी आमची शाळा बंद करून शेजारच्या गावच्या मोठ्या शाळेत घातली. तिथे ट्रॅक्टर आणायला परवानगी नाही. विम्यात बसत नाही म्हणतात.