तिसऱ्या रविवारची हरकत

शनिवारी दुपारी चर्चमध्ये चिटपाखरू नसतं, म्हणून तर ती त्या वेळी जायची. वेदीवरची कापडं धुऊन, खळ घालून, इस्त्री करून पोचवायची आणि मग बाकावर गुडघे टेकून देवाशी मोठ्यानं चार शब्द बोलायची. मनातल्या मनात बोललं की तिला झोप यायची. त्या दिवशी तिनं मागितलं, दवाखान्याच्या धुलाईघरातला पगार वेळेवर होऊ दे, आत्याचा गुडघा बरा कर, आणि जमलं तर मला एक धड चप्पल...

"आमेन," बाकाखालून कुणीतरी म्हणालं.

ती दचकली, पण पळाली नाही. वाकून पाहिलं तर एक सुतार उताणा पडलेला. हातात पेचकस, केसांत भुसा.

"चोरून ऐकता होय?"

"मी आधीपासून इथंच आहे. तुम्हीच नंतर आलात." तो उठून बसला, तिच्या पायाकडे पाहिलं. "एवढ्यासाठी देवाला कशाला त्रास? चपलेचा तुटका अंगठा मी शिवून देतो."

अकरा बाकं दुरुस्त करायची होती. आठवड्याचं काम, पण शनिवारामागून शनिवार गेले तरी संपेना. लहानपणापासून तिला वाढवणारी आत्या म्हणाली, "बाकं नीट करतोय की नवी झाडं लावून वाट बघतोय?" तोवर 'तुम्ही' जाऊन 'तू' आलं होतं, आणि तिच्या हाताच्या खळीचा वास त्याला ओळखू यायला लागला होता.

लग्नाचं नाव मात्र तो काढेना. त्याचा बाप उधारीवर नवरा झाला होता आणि मरेपर्यंत उधारीवरच राहिला. तसं व्हायचं नाही, हे यानं मिसरूड फुटायच्या आधीच ठरवलेलं. दीड वर्ष पोटाला चिमटा काढून त्यानं स्वतःच्या कारखान्यासाठी खोली घेण्यापुरती रक्कम जमवली, तेव्हा कुठे तो म्हणाला, "आता मी लग्नाला तयार आहे." टेबल तयार आहे म्हणावं, तसं.

लग्न ठरलं की तीन रविवार भर उपासनेत दोघांची नावं वाचतात. कुणाची हरकत असेल तर आत्ताच बोला, असं मंडळींना विचारतात. कुणी काही बोलत नाही. चार जण खोकतात, की झालं. पहिला रविवार गेला, दुसरा गेला. तिसऱ्या रविवारी पाळकांनी विचारलं आणि तो स्वतःच उभा राहिला.

"माझी आहे," तो म्हणाला.

खोकणारेसुद्धा गप्प झाले. तिच्या हातातलं स्तोत्रांचं पुस्तक तसंच उघडं राहिलं... तिनं त्याच्याकडे पाहिलं, त्यानं पाहिलं नाही.

पाळकांनी दोघांना आणि आत्याला आपल्या खोलीत नेलं. आधीची बायको आहे का, विचारलं. नाही. दुसरी कुणी? नाही. मग बाहेर आलं ते हे, की एका खाणावळवाल्यानं चाळीस खुर्च्या सांगितल्या होत्या. यानं साठवलेल्या पैशांचं लाकूड आणलं, खुर्च्या केल्या, आणि मंगळवारी खाणावळवाला टाळं ठोकून पसार झाला.

"रिकाम्या हातानं देवासमोर कसा उभा राहू?" तो म्हणाला.

"भरल्या हातानं आजवर कोण उभं राहिलंय?" पाळक म्हणाले. "ही काही हरकत नव्हे."

"हरकत आहे," ती म्हणाली. "पण वेगळी. तुमचे पैसे मंगळवारी बुडाले. मला आज कळलं, तुम्ही गावासमोर हरकत घेतल्यावर. मधे चार दिवस तुम्ही माझ्याशी हसून बोलत होता." पुन्हा 'तुम्ही' ऐकून त्याचा चेहरा उतरला. "तुम्ही लग्नाला तयार नाही, हे खरंच आहे. पैशाचं नाही म्हणत मी."



तो आपल्या नखांतला भुसा काढू लागला.

"भीती वाटली," तो म्हणाला. "तू 'चालेल' म्हणशील याची. आई बाबांना जन्मभर चालेल म्हणाली. एकेक भांडं विकलं... तरी चालेल म्हणाली."

तिचा राग होता तिथंच राहिला, पण तिनं खुर्ची जवळ ओढली. "जे चालणार नाही ते मी तोंडावर सांगेन. आत्यानं वाढवलंय मला. तू फक्त लपवू नकोस."

नावं वाचलेली तीन महिने चालतात, पाळक म्हणाले. तेवढी मुदत तिनं मागून घेतली. तारीख मात्र दिली नाही.

त्यानं दारोदार हिंडून खुर्च्या विकल्या, जोडी-जोडीनं, पडत्या भावात. ती विचारायची, किती गेल्या? तो सांगायचा. विचारलं नाही की गप्प बसायचा. दहा आठवडे असेच गेले. आत्यानं आशा सोडली, तिनं सोडली नाही.

एका बुधवारी तो धुलाईघराच्या दारात येऊन उभा राहिला, वाफेत. तिनं बोलावलं नव्हतं, काही विचारलंही नव्हतं.

"आज एकही गेली नाही," तो म्हणाला. "खोलीवाल्यानं कारखान्याची खोली दुसऱ्याला दिली. मला रडायला येतंय... आणि आधी तुला सांगावंसं वाटलं."

तिनं इस्त्री उभी केली, हात पुसले. मग त्याचा हात धरून, सगळ्या बायकांच्या देखत, म्हणाली, "चल. पाळकांना तारीख सांगून येऊ."