दिवा लागला की बटण

जिन्यात तिच्या हातातली कार्डं सांडली आणि ती वेचायला जो वाकला, तोच नेमका तिचा सकाळचा पहिला पेशंट निघाला! आगीच्या बंबाचा ड्रायव्हर. जबर काविळीतून नुकताच उठलेला. लिव्हर बिघडलं की डोकंही मंदावतं; ते किती मंदावलंय हे मोजायचं तिचं काम. चाचणी पास झाल्याशिवाय त्याच्या हाती पुन्हा बंब येणार नव्हता.

"दिवा लागला की बटण दाबायचं," ती म्हणाली.

दिवा लागला... बटण कुठलं दाबतोय! मग तिनं शब्द सांगितले — चावी, ढग, खुर्ची, लिंबू, पूल. जरा वेळानं विचारले, तर स्वारी गप्प.

चाचणी घेणाऱ्यानं चेहरा कोरा ठेवायचा असतो. तिनं ठेवला, पण शून्य लिहायला पेन उचलेना. दुसऱ्या खेपेलाही तीच गत. आता शेवटची एकच संधी.

बाहेर त्याची वहिनी वैतागली होती. "अहो, घरी पत्त्यांत आम्हा सगळ्यांना धूळ चारतो हा! इथे आला की कुठे जातं डोकं?"

ती चमकली. दिवा टेबलावर लागत होता, आणि हा बघत होता... तिच्याकडे. अगं बाई!

शेवटच्या खेपेला ती थेट विभागाच्या मुख्य सरांकडे गेली. "याची चाचणी तुम्ही घ्या, सर. माझ्यामुळे आकडे बिघडतात."

"तुझ्यामुळे?" सरांनी चष्म्यावरून पाहिलं आणि नुसतेच खाकरले.

दाराबाहेर तिचा जीव टांगणीला लागला. मीच चुकले असेन तर? खरंच आजार असेल तर?

दार उघडलं. "नवे शब्द दिले, सगळे घडाघडा म्हणाला. बटणाला तर मला मागे टाकेल!" सर म्हणाले. "जाऊ दे याला बंबावर." वहिनीनं आनंदानं तिलाच मिठी मारली!

तो मात्र रुसलेला. "मला सरांच्या गळ्यात का बांधलंत?"

"ज्याची चाचणी घ्यायची, त्याच्यात गुंतायचं नसतं."

"आणि चाचणी संपली असेल तर?"

तो हळूच म्हणाला, "चावी, ढग, खुर्ची, लिंबू, पूल."

"अहो, मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तेव्हा तुमच्या गालावर शाई लागली होती... दुसरं काही सुचेचना. आवडता तुम्ही मला."

तिनं सवयीनं चेहरा कोरा ठेवायला पाहिलं. छे, जमेना! ती खुदकन हसली.

"मलाही तुम्ही... जिन्यातच."