येजो

आमच्या घरात ‘जातो’ म्हणायची सोय नाही. आईच्या, रुख्माबाईच्या, कानावर तो शब्द पडला की ती चुलीपाशी असो नाहीतर परसात, तिथूनच ओरडते, “जातो कायले म्हनता बे? येतो म्हना!” बाजारात चाललात, शेतावर चाललात, फोन ठेवताय, सगळीकडे ‘येतो’. मी गोंदियात तिकिटं आणि सहली काढून देते. दिवसभर लोकांना पाठवायचंच काम, तरी माझ्या दुकानातून कोणी ‘जातो’ म्हणून निघालं की मलाही खटकतं. मी देवादिकांना मानत नाही, भुताखेतांना तर नाहीच. सवय आहे, बस.

यंदा धान निघाल्यावर माझा धाकटा भाऊ हिमांशू म्हणाला, “ताई, मले समुद्रावर पाठव.”

“काऊन? मुर्रीची बोडी पोहाले लहान पडून राहिली का तुले?”

तो हसला नाही. बाबा जाईपर्यंत तो चेन्नईकडे एका हॉटेलात कामाला होता. तिथल्या किनाऱ्यावर फळीवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला शिकला होता. बाबांच्या मागे शेती आणि आई त्याच्या अंगावर पडली, आणि पोरगं पार मिटलं. बांधावर उभा राहायचा तो गुडघे जरा वाकवून, दोन्ही हात बाजूला धरून. शेजारचे टवाळी करायचे. मला मात्र त्याच्याकडे बघवत नसे.

“पाठवतो. पण परत येशीन ना?” मी विचारलं. तो तिकडेच राहिला तर आई खचेल, ही माझी खरी भीती होती.

“येईन ना वो.”

त्यानं जागाही शोधून ठेवली होती. अंदमानातलं एक दूरचं बेट. जहाज सोडायचं, मग जीप, मग पायी जंगल. झाडं थेट वाळूवर उतरलेली, आणि समोर लाटा. मी कामाला लागले. गाडी, विमान, जहाज, फळी न्यायची परवानगी, सगळं जुळवत आणलं. राहायची सोय तेवढी उरली. मोबाइलमध्ये ‘समुद्र लॉज’ असा एक नंबर दिसला. हिमांशूनंच टाकला असेल म्हणून मी लावला.

“कोन बोलून राहिला?” पलीकडून बाप्याचा आवाज आला.

मी उडालेच! कुठं ते बेट आणि कुठं आपली बोली! “भाऊ, मी गोंदियाहून बोलून राहिली. तुम्ही इकडचेच का?”

“दरेकशाकडचा. दुधराम म्हनते मले.”

“अरे वा! मग गावाकडं येता का नाई?”

त्याच्यामागं लाटा ऐकू येत होत्या. “येतो म्हनूनच निघालो होतो ना, बाई.”

मला गंमत वाटली. खोलीची चौकशी केली. “जंगल हाये, पानी हाये, अजून काय पायजे?” म्हणाला. मी हो हो म्हटलं, आणि फोन ठेवताना सवयीनं बोलून गेले, “बरं भाऊ, येतो मी.”

“येजो,” तो म्हणाला. “जागा धरून ठेवतो.”

त्यानंतर रोज दुपारी, दुकान मिटवून मी जेवायला घरी आले की त्याचा फोन वाजायचा. “येऊन राहिली ना?” मी समजावलं, “येनार माया भाऊ हाये. मी ते असंच म्हनलं, फोन ठेवाले.” तो म्हणायचा, “म्हनली तर खरी.” आणि मी पुन्हा ‘बरं, येतो’ म्हणून जीभ चावायची.

त्याच दिवसांत घरातलं पाणी खारट झालं. बोअर खोल गेला असेल, असं मी म्हटलं. डाळ शिजेना. तारेवरचे कपडे वाळले की त्यांच्यावर पांढरा खार दिसायचा. शेजारच्या अनुसयाबाईचं पाणी मात्र गोड होतं, त्याच जमिनीतलं. आई चिडचिड करत तिच्याकडून घागरी आणू लागली. मला रात्रंदिवस अंग चिकट वाटायचं, कितीही धुतलं तरी.

एकदा हिमांशू नकाशा बघत म्हणाला, “ताई, थो लॉज कुठी हाये वो? इथं तं निव्वळ जंगल दिसते.”

“मले काय विचारतं? तूच तं नंबर टाकला.”

“मी?” तो माझ्याकडे बघत राहिला. “मले वाटलं, तूच शोधला.”

ती सहल मी त्याच दिवशी मोडायची ठरवली. दुपारी फोन आला. आई आत भात वाढत होती.

“भाऊ, आमचं जमत नाई. रद्द करा.”

“बरं,” दुधराम अगदी सहज म्हणाला. “ठेव मग.”

“ठेवतो.” मी लाल बटण दाबलं. लाटा थांबल्या नाहीत. पुन्हा दाबलं. फोनच बंद करायला गेले, होईना.

“असं कोनी उठते का, बाई? काही म्हनाची रीत हाये ना आपली.”

मी तोंड उघडलं. ‘येतो’ म्हणायचं नव्हतं. दुसरा शब्द जिभेवर आला आणि तिथंच अडला. आयुष्यभर जो गिळला तो ऐनवेळी कसा निघणार? लाज वाटते सांगायला, पण मी लहान पोरीसारखी रडायच्या बेतात आले होते. माझ्याच घरात, उघड्या दारासमोर, मला हलता येत नव्हतं.

तेवढ्यात हिमांशूनं चप्पल घातली.

“ताई, दही आनतो. येतो वो.”

“ये, बाबू,” फोनमधून आवाज आला.

आणि फोन आपोआप बंद झाला.

मी धावत दारात गेले. रस्ता रिकामा होता. नुसतं ऊन. मी हाका मारल्या, माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. मग कोपऱ्यावरून तो आला, हातात दह्याची पिशवी घेऊन, नेहमीच्या चालीनं. मी त्याला दंडाला धरून आत आणलं. केवढी सुटले मी! दंड थंडगार होता, उन्हातून येऊनही.

तो पाटावर बसला.

“हिमांशू!” आईनं आतून हाक मारली. “ये रे, भात थंडा होऊन राहिला!”

त्यानं ओठ हलवले नाहीत.

कोनाड्यात टाकलेल्या माझ्या बंद फोनमधून, लाटांच्या मागून, धापा टाकत माझा भाऊ ओरडला, “येऊन राहिलो वो आई! येऊन राहिलो!”

“येऊन राहिला म्हनते,” आई पुटपुटली आणि ताट घेऊन बाहेर आली.

माझ्यासमोर बसलेल्यानं ते ताट आपल्याकडे ओढलं.