या जेवायला

रविवार, १३ एप्रिल २०२५. सकाळी नऊ अंश. दोन दिवस घोंघावणारा दक्षिणेचा वारा पहाटे पडला. आकाश स्वच्छ, गवतावर दव.

दव वाळलं की अशा दिवशी सफरचंदं उतरवावीत. फळ तळहातावर घ्यायचं, वर उचलून जरासं पिरगळायचं. देठासकट हातात आलं तर तयार, नाहीतर झाडावरच राहू द्यायचं. हे मला कोणी शिकवलं नाही. दक्षिण गोलार्धातल्या या अप्पर हट शहरात हे घर घेतलं तेव्हा मागच्या अंगणातलं झाडही आमचं झालं, आणि दोन वर्षं चुका करत मी एवढं शिकलो. पहिल्या वर्षी फळं बटाट्यांशेजारी ठेवली. दुसऱ्या वर्षी एकच डागाळलेलं फळ खोक्यात राहून गेलं. दोन्ही वर्षी जुलैपर्यंत सगळ्याचा लगदा झाला.

"सुशील, हे तिसरं वर्ष," चहाचा कप घेऊन झाडाखाली उभी राहिलेली मृदुला म्हणाली. ती हॉस्पिटलात नर्स आहे. इथल्या जून ते ऑगस्टच्या हिवाळ्यात पहाटेच्या पाळीला निघताना गाडीच्या काचेवरचं बर्फ तिला खरवडावं लागतं. "ऑगस्टअखेर टिकली तर झाड तुझं. सडली तर झाड जाणार आणि तिथे माझ्या गाडीची शेड होणार."

"एकही सडणार नाही."

"वहीत लिहून ठेव."

लिहून ठेवलं.

आमचं लाकडी घर कमरेएवढ्या खांबांवर उभं आहे. बाजूच्या बुटक्या दारातून वाकून घराखाली जाता येतं. आत भर दुपारीही अंधार, कोरड्या मातीचा वास, आणि वरून कोणी चाललं की फळ्यांची करकर. तिथे बॅटरीचा दिवा ठेवून मी एकेक फळ वर्तमानपत्रात गुंडाळत होतो. दोनशे चौदा फळं, नऊ खोकी. एक वाजता उपड्या क्रेटवर बसून डबा उघडला. पोळी आणि फ्लॉवरची भाजी.

बाहेर खडीवर पावलं वाजली. सावकाश, जड. दारातला उजेड अडला. तोंडात घास होता, त्यामुळे वर न बघताच मी म्हणालो, "या जेवायला."

उत्तर आलं नाही. उजेड पुन्हा आत आला, पण पावलं परत जाताना ऐकू आली नाहीत. ओल्या लोकरीचा वास आला. मग माझ्या पाठीमागे, खोक्यांच्या बाजूला, कागद सळसळला. अगदी हळू... कोणी घडी उलगडावी तसा.

"मृदुला...?"

सळसळ थांबली.

वळून पाहिलं तर कोणी नव्हतं. दाराशी एक सफरचंद ठेवलेलं होतं आणि शेजारी त्याचा कागद, नीट चौकोनी घडी घातलेला. फळावर एकही डाग नव्हता. मी ते कापलं. गाभा तपकिरी झाला होता.

मृदुला इतकी हसली की तिला खुर्चीत बसावं लागलं. "अरे, आपण 'या जेवायला' म्हणतो ते समोरच्याने 'होऊ द्या' म्हणावं आणि पुढे जावं म्हणून! म्हणाला का तो 'होऊ द्या'?"

"नाही."

"मग तो आला," ती म्हणाली, आणि हसता हसता थांबली.

कुंपणापलीकडच्या ग्लेनिस आजी ऐंशीच्या पुढच्या. रोज सकाळी 'किया ओरा', म्हणजे इथला नमस्कार, म्हणून हात हलवतात. त्यांना विचारलं, हे झाड कोणी लावलं? "नेव्हिलने," त्या म्हणाल्या. "तुमच्या आधी तोच राहायचा त्या घरात. बायको गेल्यावर एकटाच. दर रविवारी घराखाली जाऊन सफरचंदं निवडायचा. त्याची ऑक्टोबरपर्यंत टिकायची."

"आणि कोणी जेवायला बोलावलं तर?"

"नेव्हिलला?" आजी खो खो हसल्या. "जेवणाला नाही म्हणताना मी तरी त्याला पाहिलं नाही. गेला, त्याला आता सहा वर्षं झाली. तुम्ही येईपर्यंत घर रिकामंच होतं."

त्यानंतर दर रविवारी दाराशी एखाददुसरं फळ काढून ठेवलेलं असे. बाहेरून तुकतुकीत, आतून हमखास बिघडलेलं. मी कापून पाही आणि वहीत नोंद करी. एकदाही त्याची चूक सापडली नाही. मृदुला तर पाळीवरून आल्या आल्या विचारू लागली, "काय म्हणतो तुझा मुकादम? आज किती?"

फक्त एकदा मी खरोखर घाबरलो. रविवार, १५ जून, दुपारचे तीन, मुसळधार पाऊस. मी खाली असताना दिव्याची बॅटरी संपली. लगेच सळसळ सुरू झाली. आधी नवव्या खोक्यापाशी, मग सातव्या, मग चौथ्या... मी तिसऱ्याजवळ बसलो होतो. ओल्या लोकरीचा वास मानेपाशी आला.

"नेव्हिल...?"

सगळं थांबलं. वरचा पाऊससुद्धा ऐकू येईना. तोंडात आलं तेच मी बोललो. "होऊ द्या... सावकाश होऊ द्या."

थोड्या वेळाने कागद पुन्हा सळसळू लागला. मी डोळे मिटून बसून राहिलो. त्याचं काम आटपायला अकरा मिनिटं लागली. दोन फळं निघाली.

"तूच 'होऊ द्या' म्हणालास?" मृदुलाने माझे ओले केस पुसत विचारलं. "बरं केलंस. आता शिकेल तोही."

रविवार, ३१ ऑगस्ट २०२५. सकाळी चार अंश, धुकं. शेवटचं खोकं रिकामं झालं. साठवली २१४. आम्ही खाल्ली १६७. ग्लेनिस आजींना दिली २४. दाराशी काढून ठेवलेली २३. खोक्यात सडलेली, एकही नाही. मृदुलाने वहीत स्वतःच्या हाताने लिहिलं, 'झाड राहणार', आणि खाली सही केली.

मग खोकी धुवायला बाहेर काढताना दाराशी पाहिलं. वर्तमानपत्राची नीट चौकोनी घडी, आणि तिच्यावर माझी निळी टोपी. ती मी रात्री बेडरूममध्ये खुंटीला अडकवली होती.

बाहेरून मी ठणठणीत आहे, तरी मृदुलाने माझ्यासाठी डॉक्टरची वेळ घेतली आहे. मंगळवार, २ सप्टेंबर, सकाळी नऊ चाळीस.