कप्तानाचा माइक

विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, पण हे माझ्याच दुकानात, माझ्या डोळ्यांदेखत घडलंय. गेल्या महिन्यातला रविवार, संध्याकाळची वेळ. शटर मी अर्धं खाली ओढलं होतं.

मी गेमिंग कन्सोल दुरुस्त करते.

माझा मावसभाऊ त्याचा कन्सोल आणि हेडसेट घेऊन आला. गेम खेळणारे त्याचे मित्र त्याला कप्तान म्हणतात. हुकूम सोडायला कायम हाच पुढे.

"ताई, माइक चालत नाहीये. माझा आवाज कुणालाच जात नाही."

"तुझ्या बडबडीला मशीनसुद्धा कंटाळलं असेल," मी म्हटलं.

तो हसला नाही.

मी पिन साफ केली. सेटिंग्ज रीसेट केल्या. मग माइक टेस्ट लावली. यात आपण बोलायचं आणि आपलंच बोलणं परत ऐकायचं.

मी बोलले. आवाज खणखणीत परत आला.

तो बोलला...

काहीच नाही.

दुकानातला कोरा हेडसेट लावला. तरी तेच. फक्त या वेळी अगदी बारीक काहीतरी ऐकू येत होतं. मी आवाज वाढवला...

कुणीतरी गुणगुणत होतं.

तीनच सूर, पुन्हा पुन्हा. तिसरा जरा घसरलेला.

कप्तान पांढराफटक पडला. "गुणगुण्या," तो पुटपुटला.

गुणगुण्या त्यांच्याच टीममधला. खेळताना सतत गुणगुणायचा, म्हणून कप्तानाने त्याला म्यूट केलं, म्हणजे त्याचा आवाजच बंद. बाकीच्यांनाही करायला लावलं. पोराला दमा होता. एका दुपारी मॅच चालू असतानाच तो गेला. घरात एकटा होता.

"तुम्हाला कुणालाच कळलं नाही?" मी विचारलं.

"त्याच्या नावाशेजारची बोलण्याची खूण लुकलुकत होती. बराच वेळ. मला वाटलं, नेहमीसारखा गुणगुणतोय... मग ती थांबली."

माझं डोकं फिरलं. "अरे, एकदा तरी ऐकायचंस."

"मी काय त्याला मारलं का? एक बटण तर दाबलं."

तेवढ्यात स्क्रीनवर एक नाव आलं. गुणगुण्याचं.

शेजारची खूण लुकलुकायला लागली...

कन्सोलला नेट जोडलेलंच नव्हतं.

"म्यूट काढ," मी म्हटलं. "माफी माग त्याची."

त्याने म्यूट काढला. आधी नुसत्या धापा ऐकू आल्या. मग...

"कप्तान... ऐक ना..."

कप्तानाने झटकन बटण दाबलं. पुन्हा म्यूट. हाताला सवयच ती.

दुकान एकदम शांत झालं. तो माझ्याकडे वळून काहीतरी बोलला. ओठ हलले.

आवाज आला नाही.

तो ओरडत होता. गळ्याच्या शिरा ताणल्या होत्या. पण दुकानात फक्त पंख्याची घरघर.

डॉक्टर म्हणाले, घसा ठणठणीत आहे. तो मात्र तेव्हापासून मुका आहे.

आज सकाळी मावशीचा फोन आला. आनंदाने रडत होती बिचारी.

"अगं, त्याचा आवाज आला."

"काय म्हणतोय?"

"बोलत काही नाही गं. झोपेतच गुणगुणतोय. थांब, ऐकवते."

तिने फोन त्याच्या जवळ धरला...

तीन सूर. तिसरा जरा घसरलेला.

मला ते ऐकवत नव्हतं. पण फोन बंद करायची हिंमत झाली नाही.

मी ऐकत राहिले.